शकुनाचा रुपया : वर्तकनगरातील आठ दिवस

ठाण्याच्या स्थानकावर उतरून येऊरच्या डोंगराकडे तोंड करून निघाले, म्हणजे त्या थोड्याशा वाटेत शहर तीन वेळा आपले रूप पालटते. प्रथम लागते ते मासुंदा तलावाकाठचे जुने ठाणे : कोपिनेश्वराचे देवालय, जांभळी नाक्याचा बाजार, आणि जवळच पोर्तुगीज अमदानीची आठवण सांगणारे सेंट जॉनचे चर्च. पुढे खोपट मागे टाकून महामार्गावर आले, की चॉकलेटच्या कारखान्यावरून नाव पडलेला कॅडबरीचा चौक येतो. तेथून पोखरणच्या पहिल्या रस्त्यास वळले, म्हणजे कारखान्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे दिसू लागतात. १९२५ साली निघालेली रेमंडची लोकरीची गिरणी याच रस्त्यावर होती. मग वर्तकनगर. त्यापुढे उपवनचा तलाव, आणि तलावामागे रान.

प्रवासवर्णनांत शोभेल असे वर्तकनगर हे काही प्रेक्षणीय स्थळ नव्हे. म्हाडाने बांधलेल्या इमारतींची ही वसाहत. तिच्यात गिरण्यांतले कामगार, कचेऱ्यांतले कारकून, शिक्षक आणि परिचारिका यांनी संसार थाटले, व पोरे शिकवून मोठी केली. आज त्यांपैकी कित्येक इमारती पाडून तेथे वीस-वीस मजल्यांची घरे उठत आहेत. ज्या उरल्या आहेत त्यांच्या जिन्यांत अजून पायरीवर बसून वाटाणे सोलणाऱ्या बायका दिसतात. आमच्या धाकट्या बंधूंचे बिऱ्हाड अशाच एका उरलेल्या इमारतीत आहे. त्यांच्या कन्येचा विवाह माघात ठरला होता, आणि केळवणाच्या निमित्ताने आम्ही उभयता २०२४ च्या डिसेंबरात तेथे आठ दिवस जाऊन राहिलो.

त्या वर्षी पंचांगाने एक मौज केली होती. नाताळ बुधवारी आला, आणि दुसऱ्याच दिवशी मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. त्यामुळे एकाच जिन्यात एका दारावर कागदी चांदणी लोंबत होती, तर समोरच्या दारी महालक्ष्मीची पावले काढलेली होती. दिवाळीचा कंदील आळसाने उतरवावयाचा राहिलेले घर कोणते आणि नाताळचा तारा मुद्दाम टांगलेले घर कोणते, हे रस्त्यावरून ओळखणे कठीणच होते. 'नाताळ' हा शब्दही पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला व असा रुळला, की तो परका आहे हे सांगितल्यावाचून कोणाच्या ध्यानात येत नाही.

आम्ही पोहोचलो त्याच दिवशी टपालाने इंग्लंडातून एक लहानसे पाकीट आले. थोरल्या बंधूंचे चिरंजीव तेथे नोकरीस असतात. बहिणीच्या लग्नास येणे होत नाही म्हणून त्यांनी आहेराबरोबर सहा पेन्सचे एक जुने नाणे धाडले होते. नाणे १९४६ सालचे, आपल्या पावलीएवढे, एका अंगास सहाव्या जॉर्ज बादशहाचे मस्तक. सोबत चिठ्ठी होती, की इकडे वधूच्या डाव्या जोड्यात असे रुप्याचे नाणे ठेवण्याचा परिपाठ आहे. बहुधा बापच ते ठेवतो, आणि त्यामुळे संसारात पैशाला उणे पडत नाही अशी समजूत आहे. नवे-जुने, उसने आणि निळे असे काही ना काही वधूच्या अंगावर असावे, हे सांगणाऱ्या एका इंग्रजी जुन्या पद्यात शेवटी या नाण्याचीही भर आहे.

चिठ्ठी मोठ्याने वाचून झाल्यावर घरात क्षणभर कोणी बोलेना. मग आमच्या काकू, ज्या या घरातल्या सर्वांत वडील व वयाने सत्त्याऐंशीच्या, त्या म्हणाल्या, "अरे, लक्ष्मी ती! पायाखाली कशी घालायची?"

काकूंचा प्रश्न रास्त होता. आपल्याकडे चुकून नाण्यास पाय लागला तरी ते उचलून मस्तकी लावतात. परंतु चि. पुतणी वकिली शिकलेली; तिने लागलीच विचारले, "काकूआजी, मग माप ओलांडताना तांदळाला पाय लावतो तो कसा चालतो? अन्न पूर्णब्रह्म ना?" उंबरठ्यावरचे तांदळाचे माप नव्या सुनेने उजव्या पायाने लवंडून आत यावयाचे, हा आपल्याकडचा सर्वमान्य आचार. एरवी भाताचे शीत पायदळी गेले तरी ओरडणारी सासू त्या एका क्षणी कौतुकाने पाहत उभी राहते. काकू थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "ते माप सांडतं ते घरात. तिची पावलं लक्ष्मीची, म्हणून ती दाणे आत घेऊन येते. जोड्यात कोंडून ठेवलेली लक्ष्मी कुठे येते-जाते?" हे उत्तर शास्त्रास धरून आहे की नाही याचा निर्णय आम्ही करीत नाही, पण त्या उत्तराने घरात हशा पिकला, आणि नाणे तात्पुरते देव्हाऱ्यात जाऊन बसले. स्वीडन देशात तर वधूच्या डाव्या जोड्यात बापाने रुप्याचे व उजव्यात आईने सोन्याचे नाणे ठेवण्याची चाल सांगतात, हे आम्ही काकूंस सांगितले नाही.

हेच सहा पेन्सचे नाणे इंग्रजांच्या घरी नाताळातही अवतरते. नाताळच्या चारपाच आठवडे आधीच्या एका ठराविक रविवारी सुकी फळे, साखर, मसाले व चरबी एकत्र कालवून तेथे पुडिंग नावाचे पक्वान्न करतात. घरातल्या प्रत्येक माणसाने, अगदी तान्ह्या पोराचाही हात धरून, ते एकदा ढवळावयाचे आणि मनात इच्छा धरावयाची. त्याच वेळी आत एक रुप्याचे नाणे सोडून द्यावयाचे. नाताळच्या दिवशी ते पुन्हा उकडून, वर मद्य ओतून पेटवितात, आणि ज्याच्या वाट्याच्या खापेत नाणे निघेल त्याचे वर्ष भरभराटीचे, असे मानतात. दाताखाली नाणे येऊन दात दुखावला तरी त्याबद्दल कोणी कुरकुर करीत नाही. आपल्याकडे लग्नानंतर हळदीकुंकवाच्या पाण्यात अंगठी टाकून वधूवरांस ती शोधावयास लावतात. ज्याच्या हाती अंगठी येईल त्याचे घरात राज्य, असे म्हणून करवल्या टाळ्या पिटतात. दोन्ही खेळांत गंमत ती एकच : मौल्यवान वस्तू डोळ्यांआड करावयाची, आणि ती कोणास सापडते हे दैवावर सोडावयाचे.

पण या नाण्याच्या चरित्रात एक गोष्ट आम्हांस विशेष वाटली. १९२० साली इंग्लंडच्या सरकारने आपल्या नाण्यांतले रुपे शेकडा साडेब्याण्णवांवरून पन्नासावर आणले, आणि १९४७ साली ते पार काढून टाकून तांबे-निकेलची नाणी पाडावयास आरंभ केला. म्हणजे आमच्या पुतण्याने पाठविलेले नाणे रुप्याच्या शेवटच्या वर्षातले होते. पुढे १९७१ साली तेथे दशमान पद्धती आली. तरी सहा पेन्सची नाणी काही वर्षे चालली आणि १९८० साली ती चलनातून कायमची उठली. बाजारात त्या नाण्यास आता भाकरीचा तुकडा येत नाही. तथापि लग्नास आणि पुडिंगास तेच लागते. इतके, की २०१६ साली तिकडच्या सरकारी टांकसाळीने केवळ अशा शकुनांसाठी रुप्याची सहा पेन्सची नाणी नव्याने पाडून विकावयास काढली.

हिंदुस्थानातही नेमके असेच घडले. राणीछाप रुपया म्हणजे भर एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग रुपे. १९४० साली सरकारने रुपयातले रुपे निम्म्यावर आणले, १९४१ साली राणीछाप रुपये चलनातून काढले, आणि १९४७ साली रुपया निव्वळ निकेलचा झाला. त्या दिवसांत ज्यांनी राणीछाप रुपये सराफाकडे नेऊन मोडले त्यांनी व्यवहार केला. ज्यांनी दोनचार मागे ठेवले त्यांच्या घरी ते लक्ष्मीपूजनाच्या ताटात आजतागायत हळदकुंकू घेत आहेत. आमचे मत असे, की बाजारात चालत असते तोवर नाणे कोणाचेच नसते. ते एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि त्याचे कोणास काही वाटत नाही. त्याची बाजारातली किंमत गेली, म्हणजे मगच ते घरचे होते.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी आहेराची पाकिटे आणावयास म्हणून आम्ही बाजारात गेलो. वर्तकनगरच्या नाक्यावर लग्नसामानाची दुकाने आहेत. तेथे 'शुभ विवाह' छापलेली लाल-पिवळी पाकिटे मिळतात, आणि प्रत्येकावर एक रुपयाचे नाणे आधीच चिकटविलेले असते. एकशे एक, पाचशे एक, एक हजार एक : नोटा आत, आणि तो वरचा 'एक' बाहेर. पोलादाचा हा रुपया १९९२ पासून निघू लागला. त्यात रुपे नाही, निकेल नाही. एका रुपयात चिमूटभर जिरेही मिळणार नाही. परंतु पाचशे रुपयांचे पाकीट त्याच्यावाचून देण्यास कोणाचा हात धजत नाही. शून्याने संपणारी रक्कम म्हणजे संपलेला व्यवहार. एकाने संपणारी म्हणजे पुढे चालू राहावयाचा संबंध, अशी यामागची कल्पना आहे. दुकानदार म्हणाला, की नाणे नसलेली पाकिटे स्वस्त असूनही ती पडून राहतात.

'सव्वा रुपया' याची कथा आणखी गमतीची. कोणत्याही कार्यात गुरुजी "सव्वा रुपया ठेवा" म्हणून सांगतात. एके काळी तो एक रुपया व चार आणे होता. १९५७ साली आणे गेले, तेव्हा तो एक रुपया व पंचवीस नवे पैसे झाला. आणि ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून गेले. म्हणजे आज कायदेशीर नाण्यांत सव्वा रुपया मांडताच येत नाही. गुरुजी तरीही सव्वा रुपया म्हणतात, यजमान अकरा किंवा एकवीस ठेवतो, आणि दोघांसही काही चुकले असे वाटत नाही. काकूंनी मात्र चार आण्यांची जुनी नाणी एका डबीत जपून ठेवली आहेत, व घरच्या पूजेत त्या खरोखरीचा सव्वा रुपया मांडतात.

येथे साईबाबांच्या मंदिराचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. वर्तकनगरातले हे मंदिर साऱ्या ठाण्यास ठाऊक आहे. गुरुवारी तेथे रांग रस्त्यावर येते, आणि मार्गशीर्षात तर लक्ष्मीव्रताच्या बायकांची त्यात भर पडते. १९१८ च्या दसऱ्यास शिरडीस देह ठेवण्यापूर्वी बाबांनी लक्ष्मीबाई शिंदे यांच्या हाती प्रथम पाच व मग चार असे नऊ रुपये दिले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. त्या बाईंनी ते खर्चिले नाहीत. रुपये तेच, त्या वर्षी कोणत्याही दुकानी चालते असे; पण दिले कोणी, यावरून ते चलनातून उठले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळू. केळवणाचे जेवण आटोपल्यावर काकूंनी कपाटातून एक चंदनी पेटी काढविली. तिच्यात आमच्या आजीची पुतळ्यांची माळ होती. आजीकडून ती काकूंकडे आली. काकूंच्या पश्चात ती चार घरांत कशी जावी हा प्रश्न गेली दहा वर्षे कोणी तोंडाने काढीत नव्हते. पुण्याच्या बंधूंनी तो पत्राने काढला होता. दहा ग्रॅम सोन्यास पाऊण लाखाच्या वर भाव गेला असता अशी माळ पेटीत ठेवणे बरे नव्हे. सराफाकडून वजन करवावे, आटवावी, आणि चार सारखे भाग करावे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या मुलाने घरासाठी मोठे कर्ज काढले आहे, हे आम्हां सर्वांस माहीत असल्यामुळे त्यांचे म्हणणे लोभाचे आहे असे कोणी म्हणू शकले नाही.

माळेत अठ्ठेचाळीस पुतळ्या होत्या. काकूंच्या सासूबाई सांगत, की चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत आमचे कोणी पूर्वज होते, त्यांनी त्या आणल्या. वसई १७३९ साली पडली खरी. पण कोकणातल्या ज्या ज्या घराण्यात जुने सोने आहे त्या प्रत्येकाचा एकेक पूर्वज वसईस गेलेला असतो, आणि इतके लोक खरोखर गेले असते तर तो वेढा दोन दिवसांत उठला असता. असो.

पुतळ्या पाहावयास शेजारच्या बाई आल्या होत्या. त्या ठाण्यातल्याच जुन्या ख्रिस्ती वस्तीत वाढलेल्या; घरात मराठी बोलणाऱ्या, आणि नाताळच्या करंज्यांचे ताट घेऊन आलेल्या. काकूंचा वाचनाचा भिंगाचा काच त्यांनी सहज एका पुतळीवर धरला, आणि दचकून म्हणाल्या, "आजी, हा तर आमचा येशू!"

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पुतळी म्हणून आपल्या बायका जे नाणे शतकानुशतके गळ्यात घालीत आल्या ते मुळात व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचे सोन्याचे डुकाट. १२८४ साली ते प्रथम पाडले गेले व १७९७ साली नेपोलियनने ते राज्य बुडवीपर्यंत, म्हणजे पाचशे वर्षांहून अधिक काळ, त्याचे वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास आणि सोने जवळजवळ शंभर नंबरी असेच राहिले. एका अंगास व्हेनिसचा राज्यप्रमुख गुडघे टेकून संत मार्काच्या हातून निशाण घेत आहे. दुसऱ्या अंगास लांबट वर्तुळात चांदण्यांच्या मध्ये उभा ख्रिस्त, आणि भोवती हे राज्य तुलाच अर्पण असो अशा अर्थाची लॅटिन अक्षरे. मिरी, मसाले आणि कापड यांच्या मोबदल्यात हे नाणे तांबड्या समुद्राच्या वाटेने आमच्या किनाऱ्यावर लोटत राहिले. वाचावयास कोणाला येत नव्हते. पण कसास लावले की उतरत नव्हते, म्हणून त्याच्यावर विश्वास बसला. वर माणसाच्या आकृती दिसतात म्हणून नाव पडले पुतळी. पेशवाईतल्या हिशोबांत होन आणि मोहरा यांच्याबरोबर पुतळ्याही नांदत असत. दक्षिणेकडे तर त्या निशाणाच्या काठीस लोक माड समजले आणि तिच्यापाशी वाकलेल्या राज्यप्रमुखास माडावर चढणारा ताडीवाला. तेथे त्या नाण्यास नावही शानार जातीवरून मिळाले.

ठाण्यात बसून हे वाचताना आणखी एक गोष्ट मनात येते. व्हेनिसच्या मार्को पोलोने १२९८ साली तुरुंगात असताना आपला प्रवास सांगून लिहविला, त्यात ठाण्याच्या राज्याचे वर्णन आहे, आणि येथे येणारी व्यापारी जहाजे सोने, रुपे व तांबे आणतात असेही म्हटले आहे. डुकाट निघून त्या वेळी चौदाच वर्षे झाली होती.

भिंगाखाली सगळी माळ पाहिली तेव्हा आणखी एक भेद उघड झाला. अठ्ठेचाळीसांपैकी अकराच पुतळ्यांवर अक्षरे स्पष्ट होती. बाकीच्या देशी सोनारांनी नक्कल करून पाडलेल्या. त्यांच्यावर लॅटिन अक्षरांच्या नुसत्या उभ्या रेघा झाल्या होत्या, ख्रिस्ताभोवतीच्या चांदण्या मोजक्या उरल्या होत्या, आणि काहींवर तर संत व राज्यप्रमुख यांचे राम-लक्ष्मण म्हणावे असे रूप झाले होते. माळ अपुरी पडली म्हणून कोणी तरी कधी तरी ती अशी पुरी केली असावी. काकूंस याचे काहीच वाटले नाही. "देव्हाऱ्यात ठेवत होते तेव्हा कुणी हरकत घेतली नाही," एवढेच त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या बाईंच्या हातावर करंज्यांच्या ताटात घालावयास म्हणून तिळाच्या वड्या ठेवल्या.

बोलता बोलता त्या बाईंनी संत निकोलसाची गोष्ट सांगितली. हा चौथ्या शतकातला मायरा येथला धर्मगुरू. हल्ली तो गाव तुर्कस्थानात आहे. मुलांस ठाऊक असलेला नाताळबाबा मूळ याच्यावरून झाला. एका दरिद्री गृहस्थास तीन मुली होत्या व हुंड्याअभावी त्यांची लग्ने होत नव्हती. निकोलसाने तीन रात्री एकेक सोन्याची थैली खिडकीतून आत टाकली, आणि तिघी मुली उजवल्या गेल्या. पुढे कोणी सांगू लागले, की थैली वाळत घातलेल्या मोज्यात पडली; म्हणून नाताळात मोजे टांगतात. हॉलंडात ५ डिसेंबरच्या रात्री त्याच्या नावाने मुलांस सोनेरी वर्खातली चॉकलेटची नाणी देतात. गहाण घेणाऱ्या सावकारांच्या दुकानावर युरोपात तीन सोनेरी गोळे टांगीत, तेही याच संताच्या थैल्या असे सांगतात. तेव्हा एकाच सोन्यावर दाता आणि सावकार दोघांनीही हक्क सांगितला आहे.

काकू गोष्ट लक्षपूर्वक ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "पण तो संत त्या बापाला, नाही तर त्या मुलांना, असं विचारेना का, की मुलगी करून घ्यायला पैसे कशाला लागतात?"

कोणी उत्तर दिले नाही, कारण काकूंच्या लग्नाची हकीकत घरातल्या सर्वांस ठाऊक आहे. लग्न १९५५ सालचे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. त्यांच्या वडिलांनी हुंडा दिला एक हजार एक रुपये. हजारासाठी गावाकडचा माडांचा तुकडा विकला, आणि वरचा एक रुपया शकुनाचा. कन्यादानास दक्षिणा हवी, दक्षिणेवाचून दान पुरे होत नाही, या शास्त्रार्थाचा धागा धरून वरदक्षिणा कशी आली आणि तिचा हुंडा कसा झाला, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. अनेक घरांत त्याचे हिशोब अजून जुन्या वह्यांत आहेत. आम्हांस बोचली ती एवढीच गोष्ट, की जो एक रुपया 'हे मोजण्यासाठी नव्हे' असे म्हणावयास ठेवतात, तोच त्या मोजलेल्या हजाराच्या शेंड्यावर ठेवून त्यास मंगल करून घेतले होते.

"तो एक रुपया," काकू म्हणाल्या, "सूनमुख पाहताना सासूबाईंनी माझ्या ओटीत परत घातला. हजाराचं काय ते त्यांच्या हाती नव्हतं. म्हणाल्या, हा तुझा, हा कुणाला देऊ नकोस." निकेलचा, १९५० सालचा, सिंहाचे मस्तक असलेला तो रुपया दुसऱ्या दिवशी गुरुवारच्या पूजेत आम्ही पाहिला. कलशात सुपारी आणि दूर्वांबरोबर काकूंनी तोच घातला. गेली जवळजवळ सत्तर वर्षे दर मार्गशीर्षात तो पाण्यात जातो आणि पुसून डबीत येतो.

यंदाच्या विवाहात व्याह्यांनी काही मागितले नाही. मुलाने तसे बजावूनच सांगितले होते. "नारळ आणि मुलगी," असे व्याही म्हणाले. हे बोलणे पुष्कळ ठिकाणी बोलण्यापुरते असते व मागाहून मानपानाच्या याद्या येतात. येथे याद्या आल्या नाहीत, एवढे लिहून ठेवणे आम्हांस अवश्य वाटते.

माळेचा निर्णय शनिवारी झाला. पुण्याचे बंधू आले होते. काकूंनी माळ त्यांच्याच हाती दिली आणि म्हणाल्या, "मोडायची असेल तर मी असताना मोडा. पण वजन करून वाटलीत की ती माळ नव्हे, सोनं. मग त्याला आजीची म्हणू नका." बंधू पुष्कळ वेळ पुतळ्या चाळवीत बसले. शेवटी असे ठरले, की देशी नकलांच्या सदतीस पुतळ्यांपैकी बारा मोडून त्या पुतण्याच्या कर्जास द्याव्या. बाकीची माळ आखूड करून ओवून घ्यावी, आणि ज्या घरी लग्न असेल त्या घरी ती जावी व पुढच्या लग्नापर्यंत तेथेच राहावी. हा निर्णय आम्हांस पुरता पटला आहे असे नाही. मोडली नसती तर बरे, असे आम्हांस वाटते; पण आमच्या घरावर कर्ज नाही, हेही खरे आहे. आमच्या थोरल्या बंधूंनी दूरध्वनीवरून संमती दिली ती थोड्या नाराजीनेच.

सहा पेन्सच्या नाण्याचे काय करावयाचे ते चि. पुतणीने स्वतः ठरविले. ते जोड्यात जाणार नाही. निघण्यापूर्वी काकू तिची ओटी भरतील त्यात खण, नारळ, हळकुंड आणि सुपारी यांबरोबर असेल. इंग्लंडास तसे कळविले तेव्हा तिकडून उत्तर आले, की मग इकडच्या पुडिंगात यंदा सापडलेले नाणेही धाडतो, ते तरी जोड्यात घाला.

रविवारी सकाळी आम्ही माळ घेऊन जुन्या ठाण्यातल्या एका पटवेकऱ्याकडे गेलो. त्याने छत्तीस पुतळ्या कापडावर पसरून मोजल्या, कोणत्या पुढे व कोणत्या मागे घालावयाच्या असे विचारले, आणि अक्षरांच्या अकरा मधोमध घ्याव्या असे आम्ही सांगितल्यावर, ज्यांच्या कड्या झिजल्या होत्या अशा तीन बाजूस काढून ठेवल्या. लाल रेशीम हवे की काळे, असे त्याने विचारले. काकूंनी लाल सांगितले होते. काम हाती पुष्कळ असल्याने त्याने पौष संपता संपता येण्यास सांगितले.